कॉर्नेटच्या टोपीतला काळा गाळ

मामंजींच्या गोळ्यांना नंबर नव्हते, नावं होती. हरभरा, बोर, सुपारी, आवळा, लिंबू. पोलादाचे गोळे, वापरून वापरून आरशासारखे झालेले, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेले. बँडवाल्याच्या वाद्याला पोचा पडला, की नळीत बरोबर मापाचा गोळा सोडायचा, त्याच्यामागे दुसरा सोडायचा, आणि नळी दोन्ही हातांनी धरून हलवत राहायची. मागचा गोळा पुढच्याला ठोकतो, पुढचा पोच्याला रेटतो, आणि पितळ आतून हळूहळू वर येतं. हातोडी शेवटी, आणि तीही लाकडाची. "सूनबाई, सुपारी दे," असं ओसरीवरून ऐकू आलं की घरात नवखा पाहुणा असला तर तोच हात पुढे करायचा, आणि सासूबाई म्हणायच्या, "खा आता. दात राहिले तर सांगा."

तो डबा आता माझ्याकडे आहे. देवासच्या या घरात मी त्याची जागा बदलत असते. पलंगाखाली ठेवला तर झोप लागत नाही. गॅलरीत ठेवला तर गंजेल असं वाटतं. शिवणयंत्राच्या मागे ठेवला होता, तर पाय मारताना सारखा आठवत राहायचा. डबा फार मोठा नाही. त्यात गोळ्यांच्या शेजारी एक छोटी डबी आहे, ती माझी. तिच्याबद्दल मी आजवर घराबाहेर कोणाशी बोलले नाही. घरातही एकदाच बोलले, आणि तेसुद्धा वेळ निघून गेल्यावर.

माझं माहेर देवासचं, पण आम्ही मूळचे इथले नव्हे. बाबा नगरकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आले, टूलरूममध्ये लागले आणि इथलेच झाले. सासर धारचं, संस्थानच्या नोकरीतलं. मामंजींचे वडील संस्थानच्या बँडच्या कोठीवर होते. संस्थान गेलं, बँड गेला, दुरुस्तीची हत्यारं तेवढी घरी राहिली. मामंजी हिंदी शाळेत क्राफ्ट शिकवायचे, म्हणून सगळा गाव त्यांना माट्साब म्हणायचा. शाळेतून आले की ओसरीवर बसायचे आणि धारपासून बाग गावापर्यंतच्या बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर तर दिवसभर.

सासूबाईंना माझं कारखान्याचं माहेर पुरतं पचलं नव्हतं. "तुमच्याकडे काय बाई, भोंगा झाला की जेवायचं, भोंगा झाला की निजायचं," असं म्हणायच्या. मी उलट बोलत नसे. पण मनात म्हणायची, तुमच्याकडे तरी काय, अजून सरकारस्वारी येणार म्हणून बसलेत सगळे. ह्यांना मात्र तो भोंगाच गोड होता; ते पीथमपूरच्या कारखान्यात होते, पाळीच्या बसने जायचे आणि यायचे.

नव्वदनंतरची पहिली काही वर्षं ही. मी बी.एड. झालेली, घरात नुसती. मामंजींचा उजवा हात तेव्हाच थोडा थरथरायला लागला होता. गोळे हलवायला थरथर आड येत नाही, ते स्वतःच हसून म्हणायचे, "हलवायचंच तर आहे, फुकटात होतंय." पण बारीक काम त्यांच्याच्याने होईना. स्प्रिंग बसवणं, बोटाने दाबायच्या पिस्टनच्या खाली नमद्याची चकती कापून घालणं, थुंकीचं पाणी काढायच्या किल्लीचं बूच बदलणं. एक दिवस त्यांनी हाक मारली आणि मी बसले. हळूहळू सगळं बारीक काम माझ्याकडे आलं. बँडवाल्यांसमोर मात्र मी आत असायची. कोणी तसं सांगितलं नव्हतं. काम माट्साबचं आहे असं लोकांना वाटत होतं, आणि मला त्यात वाईट वाटत नव्हतं. नखांत राळ, पदराला घासलेटचा वास, आणि कोणी एक माणूस दिवसभर माझ्या हातावर विश्वास टाकून बसलेलं. धारला मला तेवढंच बरं होतं.

पिस्टनचा त्यांचा नियम एकच होता. "घासलेट, मऊ फडकं, तेल. बस. पावडर नाही, पॉलिश नाही, काही नाही. पितळ मऊ असतं. त्याला जे लागेल ते धरून बसतं." आणि एक परीक्षा होती. बाजूची छोटी सरकती नळी, स्लाइड, थोडी बाहेर ओढायची आणि मग पिस्टन दाबायचा. आत हवा नीट कोंडलेली असेल तर 'टप्' असा आवाज येतो, घट्ट झाकणाची डबी उघडावी तसा. तो आवाज आला की मामंजी मान डोलवायचे. नाही आला तर वाद्य परत उघडायचं.

बाबा एकदा धारला आले तेव्हा त्यांना हे सगळं दाखवलं. त्यांना हसूच आवरेना.

"व्याही, सुपारी म्हणजे किती एमएम?"

"तुमच्या अडकित्त्यात मावेल एवढी."

"कच्ची की भाजकी?"

"तुम्ही करून तर आणा. भाजकी आम्ही करू."

बोर आणि सुपारीच्या मधला एक गोळा हरवला होता. बाबांनी तो टूलरूममध्ये फावल्या वेळात करून आणला, इतका गुळगुळीत की मामंजींनी तो खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ फिरवला. नाव काय ठेवायचं यावर दोघं चहा संपेपर्यंत भांडले, शेवटी 'व्याही' असं ठेवलं. त्याच फेरीत बाबांनी माझ्या हातात काळ्या लगद्याची डबी दिली. ग्राइंडिंग पेस्ट. "आमच्याकडे प्लंजर अडकला की हीच. लाव, फिरव, लोण्यासारखा चालतो." मामंजींनी ती नुसती हुंगली आणि म्हणाले, "लोखंडाला ठीक आहे, व्याही." मी ती डबी ठेवून घेतली. माहेरची होती.

मग मला देवासच्या एका शाळेत नोकरी मिळण्याची शक्यता दिसायला लागली, आणि घरात सगळ्यांनीच देवासला राहायला जायची भाषा सुरू झाली. धारहून देवास म्हणजे इंदूरला बस बदलून जायचं, सगळा दिवस त्यातच जाणार. बाबा ह्यांच्यासाठी देवासच्या कारखान्यात शब्द टाकायला तयार होते. ह्यांनाही पाळीच्या बसचा कंटाळा आला होता. सासूबाईसुद्धा, माहेर जवळ म्हणून मला टोमणे मारत का होईना, तयार झाल्या. अडले ते मामंजी.

"बँडवाले देवासला कसे येतील?"

"तिकडेही बँड आहेतच की," हे म्हणाले.

"ते माझ्याकडे का येतील? इथे मला माहीत आहेत ते. मला त्यांची वाद्यं माहीत आहेत." एवढं बोलून ते ओसरीवर गेले. वाद घालणारा माणूस परवडतो. ते वाद घालत नसत, काम करत बसत. त्या काळात मला ओसरीवरचा ठोक्याचा आवाज सहन होईना. सकाळी डोळे उघडले की पहिला तोच ऐकू यायचा. मी घरात एका जागी उभी राहू शकत नव्हते. एक भांडं दोनदा घासायची.

लगनसरा तोंडावर आला होता. गावातले एक बँडमास्टर, मामंजींच्याच वयाच्या आसपासचे, आपली कॉर्नेट, म्हणजे पितळी तुतारीसारखं छोटं वाद्य, घेऊन आले. ती त्यांच्या वडिलांची. मधला पिस्टन अडकत होता. "माट्साब, ये ऐन जगह पे बैठ जाता है. दूल्हा घोड़ी पे और ये नीचे."

"ठेव. उद्या संध्याकाळी ने," मामंजी म्हणाले. पिस्टन माझ्याकडे आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसले. घासलेटमध्ये रात्रभर ठेवला होता, फडक्याने पुसला, तेल दिलं. तरी अर्ध्यावर येऊन तो थांबायचा. पुन्हा पुसला. पुन्हा थांबला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला देवासला मुलाखतीला जायचं होतं, साडी इस्त्री करायची होती, आणि मुलाखतीला जाऊ नये असं घरात कोणी म्हणत नव्हतं, पण मामंजी अडले म्हणून जा असंही कोणी म्हणत नव्हतं. मामंजींना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, अजून एक दिवस ठेव. मी विचारलं नाही. डबी उघडली, पिस्टनला बोटभर पेस्ट लावली आणि तो आत घालून फिरवला. खर्रर्र आवाज आला, मग हळूहळू तो मऊ होत गेला. बाबा म्हणाले होते तसंच, लोण्यासारखा. मला इतका आनंद झाला की मी तो पुन्हा पुन्हा वर-खाली केला. घासलेटने एकदा धुतला. पुसला. डबी परत ठेवली.

संध्याकाळी मामंजी वाद्य जोडायला बसले. तो पिस्टन त्यांनी घेतला आणि त्यांच्या हातून निसटला, ओसरीच्या फरशीवर टणकन पडला. "अरेरे," ते म्हणाले. उचलला, पुसला, उजेडात धरून पाहिला, परत पुसला, बोट फिरवून बघितलं, आणि मगच आत घातला. स्लाइड ओढली, पिस्टन दाबला. टप्. बँडमास्टर आले, दारातच उभं राहून दोन ओळी वाजवल्या, म्हणाले, "चाल गई, माट्साब," आणि गेले.

आता मला माहीत आहे काय झालं असेल ते. पेस्टची रेती पितळात रुतून बसली होती. एकदा धुऊन ती निघत नाही. वाजवताना पिस्टन जितक्या वेळा खाली गेला तितक्या वेळा ती कापत राहिली, प्रत्येक वरातीत. माझं काम माझ्या हातून सुटल्यावरही तिकडे चालूच होतं.

काही लग्नं झाल्यावर बँडमास्टर परत आले. रागावलेले नव्हते, तेच वाईट होतं. "माट्साब, हवा नी पकड़ रिया है." मामंजींनी स्लाइड ओढली, पिस्टन दाबला. काहीच आवाज आला नाही. परत केलं. नाही. त्यांनी पिस्टनच्या खालची टोपी फिरवून काढली आणि तिच्यात बघितलं. तळाला काळा गाळ होता. तो त्यांनी करंगळीवर घेतला, दोन बोटांत चोळला.

"माती," ते म्हणाले. "माझ्या हातून पडला होता ना त्या दिवशी. पुसला मी, पण राहिली."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. कप ठेवले आणि आत आले.

घाबरले म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. थोडी घाबरले होतेच. पण आत येऊन पाण्याच्या माठाजवळ उभी राहिले तेव्हा माझ्या मनात जे आलं ते वेगळं होतं. आता मामंजी देवासला यायला तयार होतील, असं आलं. स्पष्ट, शब्दांसकट. आणि मग मी हात धुतले.

बँडमास्टर म्हणाले, "जाने दो माट्साब, उमर हो गई थी इसकी." कॉर्नेट त्यांनी परत नेली नाही. "अब ये आपके यां टंगी रेगी." मामंजींनी दुसऱ्या दिवसापासून नवीन काम घेतलं नाही. दारात आलेल्यांना सांगायचे, "हात गेला माझा." महिन्याभरात म्हणाले, "चला देवासला. इथे आता काय आहे." सगळे माझ्याकडे बघून हसले. मला नोकरी लागली होती.

देवासला आलो. घर बरं होतं, नळाला पाणी होतं, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. डबा मामंजींच्या खाटेखाली गेला, कॉर्नेट भिंतीवर. आणि मामंजींनी हातच मांडीवर ठेवले. मी आधी लक्ष दिलं नाही. मग दिसायला लागलं. दाढी स्वतः करायचे ते थांबवलं. न्हावी घरी येऊ लागला. देवांवर पाणी घालणं ह्यांच्याकडे दिलं. माझी मुलगी झाली तेव्हा सगळ्यांनी तिला हातात घेतलं, ते बाजूला बसून बघत राहिले. "घ्या ना मामंजी." "नको. माझ्या हाताचा भरवसा नाही." हात तेवढाच थरथरत होता, धारला थरथरायचा तेवढाच. पण त्यांनी तो काढून टाकल्यासारखा केला होता. घरात बसवेनासं झालं की देवीच्या टेकडीच्या रस्त्याने जायचे, वर चढायचे नाहीत, पायथ्याशी फिरून परत यायचे. परत यायचे आणि पुन्हा जायचे. मी शाळेतून येताना ते रस्त्यात दिसायचे, मागे हात बांधलेले, आणि मी फळ्यासमोर दिवसभर न अडखळता बोललेली असायची. कितीदा ठरवलं, आज सांगते. जेवायला वाढताना तोंडाशी यायचं. मग कोणीतरी मीठ मागायचं.

काही वर्षांनी, मुलगी शाळेत जायला लागल्यावर, ते बँडमास्टर एका दुपारी दारात उभे राहिले. देवासला लग्नाला बँड घेऊन आले होते, पत्ता विचारत विचारत पोचले. बरोबर मोठा युफोनियम, जाड नळीचं पितळी वाद्य, जीपमधून पडलेला. वळणाला मुठीएवढा पोचा.

"आप तो हाथ लगा दो बस, माट्साब. शाम को बारात है."

"हाथ गया मेरा, भिया. तुम्हें तो मालूम है. तुम्हारी ही कॉर्नेट खाई इसने. फर्श की मिट्टी रह गई थी."

बँडमास्टर भिंतीवरच्या कॉर्नेटकडे बघत राहिले. मग अगदी सहज म्हणाले, "मिट्टी काली कां होती है, माट्साब? अपने धार की तो लाल-भूरी है. वो तो मसाला था कोई. मैं समझा आपने कुछ नया लगाया, तो मैं बोला नी."

मामंजींनी करंगळी अंगठ्यावर चोळली. ते आठवत होते. मला दिसत होतं ते आठवताहेत. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हात पिठाचे.

"मी लावली होती," मी म्हटलं. "बाबांची पेस्ट. पिस्टन चालेना म्हणून. तुम्हाला विचारलं नाही. नंतर तुम्ही माती म्हणालात तेव्हा मी गप्प बसले. तुम्ही देवासला यावं म्हणून."

सासूबाई आतून म्हणाल्या, "काय गं?" बँडमास्टरांना मराठी पूर्ण कळत नव्हतं, पण ते उठून अंगणात गेले.

मामंजींनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे आपण उगाच आलो देवासला."

मला मारलं असतं तरी चाललं असतं. मी काही बोलायला गेले तर ते म्हणाले, "थांब." खाटेखालचा डबा त्यांनी स्वतः वाकून ओढला. फडकं सोडलं. गोळे काळवंडले होते, ते धोतराच्या सोग्याने पुसले. मी पुढे झाले तशी म्हणाले, "तू राहू दे." बँडमास्टरांना आत बोलावलं, युफोनियम त्यांना धरायला लावला. आवळा त्यांनी चाचपून शोधला, मागे 'व्याही' सोडला, आणि दोघं म्हातारे नळी हलवायला लागले. ठक, ठक, ठक. धारला ज्या आवाजाने माझा जीव जायचा तो. मध्येच गोळा अडकला, मामंजी घामाघूम झाले, दोनदा थांबले. पोचा पूर्ण गेला नाही. जागेवर एक लाट राहिली, बोट फिरवलं तर लागायची.

"पूर्वी याहून बरा निघाला असता," ते म्हणाले.

"बजेगा, माट्साब. बजने से मतलब."

ते गेल्यावर मामंजींनी मला विचारलं, "ती डबी आहे अजून?" होती. मी टाकली नव्हती. टाकता आली नव्हती, शिवणाच्या सामानात तळाशी होती. आणून दिली. मला वाटलं फेकतील. त्यांनी झाकण उघडून वाळलेला लगदा बघितला, बंद केलं, आणि डबी गोळ्यांच्या मधोमध ठेवली. "असू दे इथंच."

माझ्याशी ते संध्याकाळभर बोलले नाहीत. जेवताना पोळी हवी का विचारलं तर मान हलवली. ह्यांना मी सगळं सांगितलं, हे म्हणाले, "आधी सांगायचंस."

सकाळी न्हावी आला तेव्हा मामंजींनी त्याला दारातूनच परत पाठवला. मोरीतल्या आरशासमोर पाट घेतला, वस्तरा मागवला, आणि फेस करून बसले. सासूबाई ओरडल्या, "अहो, गळा कापाल!" ह्यांनी पुढे व्हायला पाहिलं, त्यांना मामंजींनी डोळ्यांनीच मागे सारलं. मी चुलीपाशी उभी होते, बघत नव्हते. वस्तऱ्याची खरखर ऐकत होते. ती मध्येच थांबायची. मग सुरू व्हायची. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा हनुवटीवर कापलं होतं आणि कानाखाली कापलं होतं, रक्त गळ्यापर्यंत आलेलं. एका गालावर पांढरे खुंट तसेच राहिले होते.

हात पुढे करून म्हणाले, "सूनबाई, तुरटी दे."